जंक्शन बॉक्स भिंतीत गाडावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जंक्शन बॉक्स, म्हणजे विजेच्या तारांचे जोड ठेवायची डबी, गिलाव्याखाली, टाइल्सखाली किंवा बंद फॉल्स सीलिंगच्या वर गाडू नये, त्याचे झाकण हात पोचेल अशा जागी दिसते ठेवावे, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिता, “हे सारे पुस्तकी आहे. भिंतीभर पांढरी झाकणे लावून घराची रया घालवायला सांगणाऱ्याने कधी हातात टेस्टर धरला असेल असे वाटत नाही. आमच्या घरी वीस वर्षे जोड गिलाव्याखाली आहेत आणि काहीही झालेले नाही.” पुढे लूपिंग (तार वाटेत न जोडता एका पॉइंटवरून थेट पुढच्या पॉइंटवर नेणे), खर्च आणि फॉल्स सीलिंग यांविषयीही आपण बरेच लिहिले आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र ज्याची ओळखदेख नाही अशा माणसाची लायकी एका वाक्यात ठरवून मोकळे होणे शिष्टाचाराला धरून आहे असे मला वाटत नाही, आणि एवढे बोलल्याशिवाय मला मुद्द्याकडे वळता येणार नाही.

माझे वडील परवानाधारक तारतंत्री होते. जुन्या वाड्यांतून लाकडी केसिंग-कॅपिंगची (खाचेच्या पट्टीत तार बसवून वर झाकणपट्टी लावण्याची) कामे ते करत, तेव्हा शिडी धरायला आणि निघालेले स्क्रू डब्यात जपून ठेवायला मी असे. त्या पद्धतीत वरची पट्टी उतरवली की सगळी तार जोडांसकट डोळ्यांसमोर येई. पुढे स्लॅब पडण्याआधी सळ्यांच्या जाळीवर पीव्हीसी पाइप बांधण्यापासून मीटरची चाचणी होईपर्यंतची कामे मी स्वतः केली आणि माणसांकडून करवूनही घेतली. टेस्टरबद्दल एवढे पुरे.

राहिले पुस्तक. घरातील वायरिंगसाठी आपल्याकडे आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे. भिंतीत दडवलेल्या पाइपांच्या वायरिंगसाठी अधूनमधून तपासता यावे आणि गरज पडल्यास तार ओढून काढता यावी म्हणून तपासणीचे बॉक्स द्यावेत, आणि ते भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल बसवावेत, असे त्यात सांगितले आहे. असले नियम हवेतून येत नाहीत. कुणाची तरी भिंत फोडावी लागल्यानंतरच ते लिहिले जातात. त्यामुळे आपण ‘पुस्तकी’ म्हणून हिणवले असले तरी मला त्यात कमीपणा वाटत नाही.

आता वीस वर्षांविषयी. आपल्या घरात ही वायरिंग झाली तेव्हा बहुधा पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही आणि फ्रिज एवढाच भार असेल. त्याच तारांवर नंतर दोन किलोवॅटचा गीझर आला की २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपियर प्रवाह वाहू लागतो. पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड भार पडला की तापतो, भार गेला की थंड होतो, आणि या प्रसरण-आकुंचनात हळूहळू सैल पडतो. सैल जोडाचा रोध वाढतो आणि उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. यातली खरी मेख अशी की एकूण प्रवाह मर्यादेतच असल्याने एमसीबीला, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणाऱ्या स्विचला, या दुखण्याचा पत्ताही लागत नाही. ते कळते टेपचा करपट वास आल्यावर किंवा झाकणाभोवती रंग पिवळा पडलेला दिसल्यावर, पण झाकणच नसेल तर पिवळे काय पडणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मुठीपुरतीच.

पावसाळ्यात पुण्यातील एका सदनिकेत गेलो होतो. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारी कळ, पाऊस लागला की पडत असे आणि उघडीप झाली की बिनबोभाट टिकत असे. एकेक सर्किट सोडवून पाहता दोष पॅसेजच्या तारेत निघाला, पण त्या भिंतीवर बॉक्स कुठेच दिसेना. शेवटी बोर्डातून पाइपात स्प्रिंग सारली, ती अडली तिथे खूण केली, बाहेर काढून तेवढीच लांबी भिंतीवर मोजली आणि छिन्नी लावली. बॉक्स निघाला तो निम्मा सिमेंटच्या मालाने भरलेला. गच्चीतले पाणी स्लॅबमधल्या पाइपातून उतरून त्यात साचत होते, आणि जोडावरची टेप बोटाने सरकावी इतकी ओघळली होती. जोड नव्याने करायला फारसा वेळ लागला नाही. भिंत पूर्ववत व्हायला रंगाऱ्याची वाट पाहावी लागली. त्या घरमालकांनाही आदल्या उन्हाळ्यापर्यंत ‘काहीही झालेले’ नव्हते.

एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. रंगीत भिंतीवर पांढरे झाकण वाईट दिसते. त्यावर भिंतीचाच रंग मारावा; फक्त कडेची फट पुट्टीने बुजवू नये आणि स्क्रूचे डोके मोकळे ठेवावे. शिवाय बॉक्स भिंतीच्या मधोमध हवा असे मी कुठे म्हटले होते? छताखाली वीतभर अंतरावर, पॅसेजमध्ये, पडद्याच्या पेल्मेटमागे किंवा माळ्याच्या आत तो बसवला तर पाहुण्यांच्या नजरेसही पडत नाही. न्हाणीघरासाठीचा बॉक्स न्हाणीघराच्या बाहेर घ्यावा. जमिनीपासून छतापर्यंतच्या वॉर्डरोबमागे तो कधीही नसावा, कारण ते कपाट हलवायला सुतारच बोलवावा लागतो.

लूपिंग केले की मधले जोड उरत नाहीत, सगळे जोड बोर्डात आणि दिव्याच्या पॉइंटवर येतात, हे आपले म्हणणे जगजाहीर आहे आणि त्यावर वाद घालण्यात मी वेळ दवडत नाही. तार ओढायला वळणावर बॉक्स तरीही लागतो. तारेच्या वाढीव खर्चाचा हिशेब ज्याने त्याने आपल्या दुकानदाराकडे करावा. फॉल्स सीलिंगला ट्रॅपडोअर (उघडता येणारी झडप) ठेवल्याने ‘शोभा जाते’ या मताला माझ्याकडे उत्तर नाही. शोभा आपली, घर आपले.

आपल्या वायरमनने गिलाव्याआधी भिंतींचे फोटो काढले असतील, तर ते शोधून मीटरच्या कपाटात मापांसह लावून ठेवावेत. काढले नसतील, तर निदान गीझर आणि एसीच्या तारांना वाटेत कुठे जोड आहे का, एवढे त्याला विचारून घ्यावे.