तव्यावर भाजून शिसं जात नाही

नागपुरातल्या कोराडी रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलेला मेसेज आठवडाभर फिरतोय: "आम्ही मातीत लोळूनच वाढलो, काय झालं? मातीनं प्रतिकारशक्ती वाढते. डोहाळ्यात माती खावीशी वाटली तर भाजून खा. आणि इथल्या मातीचं कार्ड आहे, तपासलेली आहे."

"काय झालं?" हे कुणी मोजलं होतं, काका? मातीत शिसं असेल तर त्यानं बहुतेकदा ताप येत नाही, पुरळ उठत नाही. पोट्ट्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढंच दिसतं, आणि त्याबद्दल बोलणी तोच खातो.

प्रतिकारशक्तीची गोष्ट जंतूंपुरती खरी. जंतूंशी लढायला शरीर शिकतं. शिशाला मात्र ते कॅल्शियम समजतं आणि हाडांत ठेवून घेतं, पार वीस-पंचवीस वर्षं. गरोदरपणी बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्यासोबत हेही निघतं आणि वारेतून थेट बाळापर्यंत जातं. म्हणजे आईनं लहानपणी गिळलेली धूळ तिच्या लेकराला भोवू शकते.

भाजल्यानं जंत मरतील, शिसं मरत नाही. उलट माती खावीशी वाटणं हे अनेकदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय होता. तेव्हा तवा ठेवा बाजूला, आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या घ्या.

ते मातीचं कार्ड, म्हणजे सरकारची मृदा आरोग्य पत्रिका, शेतीचं आहे. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, जस्त वगैरे बारा गोष्टी असतात. शिसं नसतं.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हापासून इकडे सगळे राखडीलाच धरून बसतात. राखडीत जड धातू असतात, खरंय. पण म्हणून अख्ख्या नागपूरची माती विषारी म्हणायला मी तयार नाही. मला जास्त भीती आमच्या जुन्या गेटची वाटते. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागली २०१७ च्या नोव्हेंबरात. हे गेट त्याच्या कितीतरी आधीचं. त्याच्या हिरव्या पोपड्या खाली मातीत पडतात, नि तिथंच शेजारचं दीड वर्षाचं पोर बसून बोटं चोखतं. मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं त्या वयात अंगात मुरतं.

रविवारी गेट रंगवायचं ठरलंय. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ती धूळ पोपड्यांपेक्षा वाईट. पाणी मारून खरवडा आणि तोवर पोराला आत ठेवा.