दुधाच्या दाताचा एक्स-रे : फिरत असलेल्या संदेशाबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय : 'दुधाचे दात पडणारच, एक्स-रे काढू नका. काढलाच आणि मुळाशी काळं दिसलं, तर दात लगेच उपटा.' कृपया हा पुढे पाठवू नका.

दुधाची दाढ पडते खरी, पण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान. तोवर ती पक्क्या दाताची जागा राखते. आणि साधारण ६व्या वर्षी सगळ्यांत मागे येते ती दाढ दुधाची नसतेच! कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडिलांच्या लक्षात येत नाही. ती गेली की पुन्हा येत नाही.

आता काळ्या डागाचं. किरणं सहज आरपार जातात तो भाग एक्स-रेत काळा दिसतो. कीड काळी दिसते, मुळांमधला पू काळा दिसतो. पण खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताभोवतीची पिशवीही काळीच, आणि ती निरोगी असते. हा फरक दंतवैद्यालाच विचारा, ग्रुपवर फोटो टाकून नको.

एका छोट्या एक्स-रेतल्या किरणांची मात्रा साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक), म्हणजे निसर्गातून दिवसभरात मिळते साधारण तेवढीच. विनाकारण काढू नये, हे मान्यच. पण हिरडीवर पुळी आली किंवा गाल सुजून ताप आला, तर थांबू नका.