६४०० डीपीआय आणि स्लाइडवरची धूळ

नमस्कार. जुन्या स्लाइड्स स्कॅन करण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन: फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर, स्लाइड (चौकटीतली फोटोची फिल्म) ६४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला इतक्या ठिपक्यांनी, स्कॅन करा, हा माझा सल्ला दिशाभूल करणारा आहे; आणि अगदी जवळून फोटो टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सचा कॅमेरा असताना स्कॅनरपाशी ताटकळणं म्हणजे वेळ फुकट घालवणं.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. तो आकडा मी लिहायलाच नको होता. चांगल्या फ्लॅटबेडचं भिंगसुद्धा प्रत्यक्षात २३००-२४०० डीपीआयच्या आसपासच तपशील टिपतं. त्यापुढे नुसती फाइल फुगते. मजकुरात दुरुस्ती केली आहे. पण २४०० काही कमी नाही. स्लाइडची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात. घरच्या अल्बमसाठी अकरा बाय साडेसात इंचांची सुरेख प्रिंट निघते.

डीपीआयपेक्षा उंचीकडे लक्ष द्या, हे मी ठळकपणे सांगायला हवं होतं. बऱ्याच फ्लॅटबेडचा फोकस एकाच उंचीवर बांधलेला असतो आणि स्लाइड धरणारा होल्डर नेमका तिथे बसेलच असं नाही. माझ्याकडे आजीची एक स्लाइड आहे, खिडकीशी बसून ती सुईत दोरा ओवते आहे. नुसत्या होल्डरवर दोरा दिसतच नव्हता. होल्डरखाली जाड कागदाची एक पट्टी सरकवली तर पुसटसा दिसला, दोन पट्ट्यांवर स्वच्छ. तिसरी घातल्यावर पुन्हा गायब. या दोन पट्ट्यांनी जे दिलं ते ६४०० डीपीआयने दिलं नसतं.

आता कॅमेरा. वेगात तो कितीतरी पुढे, आणि तपशीलही जास्त देतो. तरी मी स्कॅनर सोडत नाही, तो धुळीपायी. रंगीत फिल्ममधले रंग इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश आरपार जाऊ देतात; धूळ आणि ओरखडे मात्र तो अडवतात. ज्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसायची सोय आहे त्याला म्हणूनच कचरा कुठे आणि चित्र कुठे हे कळतं. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या शेकडो स्लाइड्सवरचा एकेक ठिपका हाताने पुसणं माझ्याच्याने होत नाही.

इथे एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती. कोडाक्रोमवर, म्हणजे कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर, ही सोय बंद ठेवा. त्याचे रंग थोडं इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे गडद भागातल्या कडा धूळ समजून पुसल्या जातात. कृष्णधवल फिल्ममधली चांदी तर इन्फ्रारेड अडवतेच. अशा स्लाइड्ससाठी ब्लोअर (हवा मारायचा फुगा), मऊ ब्रश आणि हो, तुमचा कॅमेरा.

वेळेचं म्हणाल, तर चार स्लाइड्स स्कॅन होईतो त्यांच्या माउंटवर, म्हणजे चौकटीवर, पेन्सिलीने लिहिलेली नावं, तारखा मी फाइलला टाइप करून घेतो. काही अक्षरं आता जेमतेम वाचता येतात.

तुम्हाला एक विचारायचं आहे. ब्लोअर मारूनही जी धूळ चिकटून राहते, तिचं कॅमेऱ्यावर काम करताना तुम्ही काय करता? सविस्तर लिहा, मला खरंच हवं आहे.