एकट्या बाईला ‘आता काय कमी आहे’?

‘निराधारचे दीड हजार, लाडक्या बहिणीचे दीड हजार, असे तीन हजार घरबसल्या. नवऱ्याची जमीन तिचीच. पाठीशी सासर-माहेर. वर नवऱ्याची कटकट नाही. एकट्या बाईला आता काय कमी आहे?’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवरच्या गटागटांत फिरतो आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, ज्यांच्या एकटीच्या कमाईवर घर चालतं अशा बायकांबद्दल तो आहे. आपण त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

तीन हजारांची ही बेरीज मुळात होतच नाही. लाडकी बहीण योजनेच्या 2024 च्या नियमांतच लिहिलंय की दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला 1,500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर ती बाई अपात्र. विधवा-परित्यक्तांना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान 1,500 च आहे. म्हणजे दोन्हींपैकी एकच. निराधारसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागत आला आहे, म्हणजे महिन्याला 1,750. दोन लेकरं घेऊन खुरपणीला जाणारी बाई त्याहून कमी पैशांत जगते, असं कागदावर दाखवायचं.

‘घरबसल्या’ हा शब्द तर फारच लागतो. 2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख-पडताळणी, सुरू झाली तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. दोघंही हयात नसतील तर? पुढे मुदत वाढवली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद जोडायची सोय केली. पण नवरा टाकून गेला, कुठे आहे पत्ता नाही, कोर्टाची पायरी कधी चढली नाही, अशा परित्यक्तेकडे यातला कुठलाच कागद नसतो.

जमिनीचं बघू. हिंदू वारसा कायद्याने 1956 पासून विधवा ही मुलं आणि सासूच्या बरोबरीची वारस आहे. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव आपोआप चढत नाही. शेतकरी बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 11 जिल्ह्यांत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या 505 पत्नींची माहिती गोळा केली. ज्या जमिनीत त्या राबत होत्या तिच्यावर 40 टक्के बायकांचा हक्क लागलेला नव्हता. आपल्याला पेन्शन मिळू शकते हे साधारण तिघींतल्या एकीला ठाऊकच नव्हतं. सातबारा दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावावर राहिला की पीककर्जासाठी बँकेच्या दारात तिला कोणी उभं करत नाही.

आता सासर-माहेर. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण मजकुरातला हाच भाग लोकांना पटतो. नातेवाईक मदत करतात, हे खरंच आहे. पण त्या मदतीला अटी असतात. महाराष्ट्राने लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत 1994 मध्ये हिस्सा दिला, देशभरच्या मुलींना तो 2005 मध्ये मिळाला. तरी भावाचं दार उघडं राहावं म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. उद्या नवरा गेला तर जायचं कुठे, या धास्तीने आजच हिस्सा सोडतात. बीडकडच्या ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते. एकट्या बाईला मुकादम सहसा घेत नाही, म्हणून ती भाऊ नाहीतर वाढत्या वयाचा मुलगा शोधते. मग त्या मुलाची शाळा सुटते.

दुसरी गोष्ट त्याहून कमी दिसते. गावात बायकांचा आधार चालतो कुठून? हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसं, ओटीभरण. कोणत्या बँकेत कर्ज मिळतंय, कुठे भरती आहे, कोणाच्या पोराला दवाखान्यात कसं नेलं, ही बातमी तिथेच फिरते. नवरा गेला की हेच दार आधी बंद होतं. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारने तो इतर गावांनीही घ्यावा असं परिपत्रक काढलं. सगळं आधीच ठीक असतं तर या ठरावाची गरजच पडली नसती. अडीअडचणीला घरात चार माणसं येतात, पण सणाला कोणी बोलवत नाही. असलं एकटेपण माणसाला आतून पोखरतं, मग ती कितीही खंबीर म्हणून नावाजलेली असो.

नवऱ्याची कटकट नाही, यात थोडं तथ्य आहे. रोजची मारहाण आणि दारू थांबली की काही बायका पहिल्यांदा शांत झोपतात. हे नाकारणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण त्रास थांबला म्हणजे सुख आलं असं नाही. घर तिचं, निर्णय मात्र दिराचा. हसली तर गाव बोलतं, उशिरा आली तर शेजार बोलतो. घर चालवण्याची सगळी जबाबदारी तिची आणि तिच्यावर पहारा मात्र सगळ्यांचा.

कोरोनात नवरा गमावलेल्या बायकांसाठी सरकारने 2021 मध्ये मिशन वात्सल्य काढलं. तहसीलदाराच्या अध्यक्षतेखाली तालुक्याला समिती, एकेका घरी जाऊन वारसनोंद, रेशनकार्ड, अनुदान मार्गी लावायचं. कागद बाईच्या दारापर्यंत नेता येतात, हे सरकारलाही मान्य होतं. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या गावातल्या एकल बायकांची यादी करा. किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, किती जणींचं रेशनकार्ड वेगळं आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. विचारताना त्या बायकांना समोरच्या रांगेत बसवा, आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या.