फळीवर कुणी कापत नाही

गोव्यातल्या स्वयंपाकघरात आदोळीला, म्हणजे विळीला, पर्याय द्यायला निघालेला माणूस एक तर वेडा असतो, नाही तर नुकताच निवृत्त झालेला. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो, असं माझं मत. घरच्यांचं मत वेगळं आहे.

आदोळीवर नारळ खोवता येतो, मासे चिरता येतात, भोपळा फोडता येतो. तिच्यात खोट काढायला जागा नाही. फक्त तिला बसायला जमीन लागते, आणि गोव्यात जमीन आता दिल्लीहून विमानानं येणाऱ्यांनाच परवडते. आम्हा बाकीच्यांना फ्लॅट. तोही इथे चौरस मीटरमध्ये विकतात. साठ ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा पडला की बिल्डर घाईघाईनं '६४५ चौरस फूट' म्हणतो. आकडा फुगतो, घर होतं तेवढंच राहतं. त्या घरात कुणी आदोळी घेऊन बसलं की फ्रिजचं दार उघडत नाही. म्हणजे ओट्यापाशी उभं राहून कापणं आलं, आणि कापायला फळी आली. फोंड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, माझ्या स्कूटरच्या वाट्याच्या जागेत, ही फळी मी बनवतो.

लोक ती घेतात. हात फिरवून बघतात, वास घेतात, 'वा' म्हणतात. कापत मात्र नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी फळी घेतल्या घेतल्या विचारलं, "एवढ्या देखण्या फळीवर बांगडा कसा हो कापायचा?" मी म्हटलं, सुरीनं. त्यांना ते पटलं नाही. फळी आता त्यांच्या हॉलमध्ये घड्याळाच्या खाली खिळ्याला आहे. एका काकूंनी पाण्याच्या कळशीवर झाकण केलं. एक मुलगी तिच्यावर केक ठेवून फोटो काढते. आणि एका घरी तर, फळीला ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर प्लास्टिकची फळी ठेवतात आणि त्या प्लास्टिकवर भेंडी चिरतात. मी स्वतः पाहिलंय. चहा घशाखाली उतरेना.

त्या घरी मी शास्त्र काढलं. डीन क्लायव्हर नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं १९९०च्या दशकात लाकडी आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर जंतू सोडून पाहिले होते. लाकडात जंतू आत शोषले जातात, तिथे वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात. प्लास्टिकवर सुरीचे चरे पडले की त्यांत ते तग धरतात आणि हातानं घासून सहज निघत नाहीत, असं त्यांना आढळलं. यजमानीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी बांगडा कापला होता?"

मी चहा संपवला.

लाकडाची गोष्ट आणखी निराळी. आपण लाकडाचं काम करतो हे गावात कळलं की लोक लाकूड आणून टाकायला लागतात. झाड पाडायचं तर १९८४च्या झाडं राखण्याच्या कायद्यानुसार वनखात्याची परवानगी लागते, म्हणून पाडलेल्या झाडापेक्षा पडलेलं झाड सगळ्यांना प्रिय. एक गृहस्थ वादळात पडलेला ओंडका रिक्षात घालून घेऊन आले. "फुकट आहे, माझ्यासाठी दोन फळ्या करा, बाकीचं तुम्हाला." ओंडका काजऱ्याचा होता. काजऱ्याच्या बीत स्ट्रिक्नीन असतं, ते उंदीर मारायला वापरत. मी म्हटलं, यावर कोथिंबीर चिरायची? ते म्हणाले, "बी वेगळं, लाकूड वेगळं." तत्त्व म्हणून ठीक आहे, पण मला त्यांच्या घरी जेवायला बोलावतील ही भीती होती.

दुसरा प्रकार पाडलेल्या घरांच्या वाशांचा. राजांगणाची, म्हणजे मधे चौक असलेली, जुनी घरं जमीनदोस्त होतात आणि त्यांचे फणसाचे, सागवानी वासे ट्रकमधून बाहेर पडतात. लाकूड अस्सल, पिढ्यान् पिढ्या सुकलेलं. पण वाळवी लागू नये म्हणून जुनी माणसं वाशांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडत, आणि ते तेल कातडी भाजून काढतं. म्हणून वाशांची मी फळी करत नाही, स्टुलं करतो. शिवाय आत खिळे. लोहचुंबक फिरवून खिळे शोधतो, सगळे काढतो, आणि मग रंध्याच्या पात्याला जो सापडतो तो आजोबांनी कंदील टांगायला ठोकलेला असतो. फळीसाठी सुकं सागवान विकत आणतो. त्यात वाळूचा अंश असतो, पाती भराभर बोथट होतात. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की ते म्हणतं, "मग किंमत कमी करा ना."

आता तेल. फळी घासून गुळगुळीत केली, पाण्याचा हात देऊन उभे राहिलेले तंतू पुन्हा बारीक पॉलिश पेपरनं बसवले, की तिला तेल पाजावं लागतं. खोबरेल इथे घरोघरी, पण ते कालांतरानं खवट होतं आणि मग पपईलाही तो वास येतो. बाजारातल्या डब्यातलं 'बॉइल्ड' जवसाचं तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असू शकतात, ते फर्निचरला ठीक, जेवणाला नको. खाण्याला अपायकारक नाही आणि कधी खवटही होत नाही असं एक तेल आहे. ते औषधाच्या दुकानात मिळतं. त्याचं नाव लिक्विड पॅराफिन, आणि ते तिथे बद्धकोष्ठावर देतात.

मी दुकानात जाऊन सहा बाटल्या मागितल्या.

काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि आत जाऊन मालकांना बोलावून आणलं. मालक आवाज बारीक करून म्हणाले, "काका, रात्री झोपताना दोन चमचे पुरे होतात." मी म्हटलं, मला नको, फळीला पाहिजे. ते मान हलवत म्हणाले, "हो हो, सगळे असंच सांगतात." मागे रांगेत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरून पिकलेली पपई आली. चौथ्या मजल्यावरून इसबगोलचं पाकीट आलं, चिठ्ठीसकट. देवळात एका ओळखीच्या भटजींनी माझ्यासाठी म्हणून वेगळा प्रसाद दिला, त्यात मनुका जास्त होत्या.

पुढच्या वेळी मी दुसरं दुकान गाठलं. पण फोंडा लहान आहे. तिथल्या बाईंनी न विचारताच सांगितलं, "पाणी भरपूर प्या." आता मी एका वेळी एकच बाटली घेतो, दुकानं बदलत बदलत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो तर तिथूनही. त्या तेलात मधमाश्यांचं मेण पातळ करून मिसळलं की फळीला छान लकाकी येते. हे मिश्रण मी स्वयंपाकघरात गरम पाण्यावर ठेवून ढवळत असतो तेव्हा आमची ही पाहुण्यांना दाराबाहेरच थांबवते.

फळ्यांचं एवढंच. खरी परवड फर्निचरची.

एका घरी मे महिन्यात बोलावणं आलं. पुरुमेंताचे दिवस. पाऊस लागायच्या आत वर्षाचा साठा घरात पडलाच पाहिजे: सुक्या मिरच्या, आमसुलं, कांद्याच्या माळा, माडाचा गूळ, चिंच, सुकं मासळं. घर एकाच बेडरूमचं. वहिनींनी मागणी सांगितली: बसायला बाक हवा, आत पुरुमेंत मावायला हवं, बाकावर चढलं की माळ्यावर हात पोचायला हवा, पाहुणे आले की त्याचाच टीपॉय व्हायला हवा, "आणि एरवी तो दिसता कामा नये."

बसायची उंची साधारण ४५ सेंटिमीटर. तेवढ्यात साठा, शिडी आणि टीपॉय बसवायचा म्हणजे मी सुतार नव्हे, तहाची कलमं लिहिणारा वकील झालो. वहिनींना बाकाची खोली वाढवून हवी, काकांना जायची वाट मोकळी हवी, आजींना बाकाला कोपरे नकोत आणि मुलाला चार्जिंगचं भोक हवं. मी कागदावर रेघा मारायचो आणि ते आपापसांत भांडायचे. शेवटी बाक झाला. हवा खेळायला मागे भोकं ठेवली होती. मिरच्या आणि आमसुलं घालायची असं ठरलं होतं, पण वहिनींनी सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घातली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. आता त्यांच्याकडे पाहुणे येतात, बाकावर बसतात, थोड्या वेळानं एकमेकांच्या पायांकडे संशयानं बघतात आणि लवकर उठतात. वहिनी खूश आहेत. हॉल मोकळा राहतो.

भिंतीला घडी होणारं टेबल हा आणखी एक लोकप्रिय हट्ट. इथल्या भिंती बहुतेक जांभ्याच्या चिऱ्याच्या. ड्रिल लावलं की तांबडी धूळ उडते, बिट मध्येच पोकळीत शिरतं आणि हातभर स्क्रू बोटानं ओढला तरी बाहेर येतो. लांब अँकर, त्यात केमिकल, आणि वर देवाचं नाव, तेव्हा ते टेबल उभं राहतं. त्या टेबलावर न्याहारी, गृहपाठ, इस्त्री सगळं चालतं, आणि चवथीला गणपती बसतो. असं टेबल केलेल्या एका घरी गणपती दीड दिवसांचा. तेवढा काळ टेबल मिटता येत नाही, म्हणून सगळं घर उभ्यानं जेवतं. यजमानांनी मला विचारलं, "दीड दिवसासाठी दुसरं टेबल करता येईल का, पण मावणारं?" कुठे मावणारं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्याकडे माटोळीचाही प्रश्न होता. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, तवशी, पपनसं बांधायची. वर फॉल्स सीलिंग. जिप्समच्या पातळ पत्र्याला नारळाचे घोस टांगले तर गणपतीच्या डोक्यावर काय येईल ते सांगायला इंजिनियर लागत नाही. "हलकी फोल्डिंग माटोळी होईल का?" असं त्यांनी विचारलं. मला लाकूडकाम शिकवणारे मेस्त बरोबर होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "फळांय फोल्डिंग करतले?" शेवटी सीलिंगला चौकोनी भोक पाडून वरच्या स्लॅबमध्ये हुक मारला. वर्षभर ते भोक मी केलेल्या एका लाकडी झाकणानं बंद असतं. पाहुण्यांना ते एसीचं वाटतं.

आणि मग पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हवेत एवढं पाणी की लाकूड ते पितंच. लांबीत ते फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं; फूटभर रुंद फळी ऋतूगणिक दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते. म्हणून ड्रॉवरला फट ठेवायची असते. मी ठेवतो. गिऱ्हाईक मार्चमध्ये ती फट बघतं आणि म्हणतं, "हे काय, फिनिशिंग नाही?" एका घरच्या काकांनी फटीत नाणं घालून दाखवलं आणि चेहरा पाडला. पावसात काय होईल ते मी त्यांना सविस्तर सांगितलं. त्यांनी तेवढ्याच सविस्तर मला त्यांच्या सासरवाडीच्या कपाटाचं सांगितलं, ज्यात कागदही जात नाही. शेवटी म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर राहू दे." मी ड्रॉवर घट्ट करून दिला आणि पावतीवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिलं: पावसाळ्यात उघडणार नाही.

जुलैत फोन आला. ड्रॉवर उघडत नव्हता, आत मुलाचा पासपोर्ट होता आणि विमान दोन दिवसांवर. मी मेस्तांना घेऊन गेलो. घरातले सगळे ड्रॉवरभोवती उभे होते. हेअर ड्रायर लावून झाला होता, मेणबत्ती घासून झाली होती, काकूंनी नारळ बोलला होता. मेस्तांनी हँडल एकदा ओढून पाहिलं आणि शांतपणे जाहीर केलं, "आतां ऑक्टोबरांत पळोवया." म्हणजे आता ऑक्टोबरात बघू. काकू मटकन बसल्या. मी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, मागची प्लायची पाठ स्क्रू काढून मोकळी केली आणि पासपोर्ट पाठीमागून बाहेर काढला. काकांनी पाठ पुन्हा लावू दिली नाही. म्हणाले, राहू दे, असंच सोयीचं आहे. तेव्हापासून ते कपाट खोलीच्या मधोमध उभं आहे आणि मागून वापरतात. पुढून ते सुंदर दिसतं, फट कुठेच नाही.

मुलगा लंडनला गेला. मी त्याला निघताना एक फळी दिली होती, आणि तो, बहुधा जगात एकटाच, तिच्यावर रोज कापतो. थंडीत त्याचा मेसेज आला, फोटोसकट: फळीला टोकाशी बारीक चीर. तिथे घरं आतून तापवतात, हवा कोरडी होते, गोव्याचं लाकूड आक्रसतं. मी लगेच कळवलं, घाबरू नको, तेल पाज, लिक्विड पॅराफिन माग, औषधांच्या दुकानात मिळेल. तासाभरानं उत्तर आलं:

"काका, इथली बाई विचारते, कधीपासून त्रास आहे?"