सुट्टं करायला काय लागतं!

“अहो, खोलायचं आणि परत जोडायचं, त्यात काय एवढं?” हे ज्याने मला ऐकवलं त्या ठेकेदाराला आज ४३ लाकडांच्या ढिगासमोर उभं करायचंय. एका हातात ओळंबा, दुसऱ्या हातात गुण्या, आणि म्हणायचं, हं, जोडा.

आमची कोठी होती, घरामागची. लाकडी सांगाड्याची, आजोबांच्याही आधीची. जागा हातातून जाणार होती म्हणून हलवायला घेतली, हौस म्हणून नाही. एका विद्वान मित्राने मला १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे जुन्या वास्तू जपायचे आंतरराष्ट्रीय नियम, ऐकवली, की वास्तू तिच्या जागेवरून हलवू नये, वाचवायला दुसरा मार्गच नसला तर गोष्ट वेगळी. बरोबर आहे बाबा. पण हे ज्ञान त्याने छप्पर उतरवून झाल्यावर दिलं.

खरं दुखणं नंबरांचं आहे. खोलण्याआधी मी तीनदा सांगितलं होतं, प्रत्येक लाकडाला नंबर, प्रत्येक सांध्याला नंबर, एक नकाशा कागदावर आणि त्याची एक प्रत माझ्याकडे. “काळजी करू नका, फोटो काढतोय ना.” फोटो काढले. २१४. त्यातले निम्मे हललेले, उरलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी नंबरावर कुणाचा तरी अंगठा, आणि एकाही फोटोत लाकडाचं वरचं टोक कुठलं ते कळत नाही. वर हे सगळे मोबाइलवरून मोबाइलवर फिरून बारीक झालेले. मोठे करून बघायला गेलं की नुसते चौकोन दिसतात.

नंबर कशाने घातले माहितेय? कागदी चिठ्ठ्या, साध्या पेनाने लिहिलेल्या, स्टेपलरने ठोकलेल्या. पहिल्या पावसात शाई उतरली. माझ्याकडे आता निळसर डागांच्या ४३ चिठ्ठ्या आहेत. एकीवर ‘डावा’ एवढं वाचता येतं. कुठून बघितलं की डावा? आतून की बाहेरून?

पण चिठ्ठ्यांचं एक वेळ सोडून देतो. डोकं खरं फिरलं ते पुढे. नंबर आधीपासूनच होते हो! ज्या सुताराने ती कोठी उभी केली त्याने स्वतःच घालून ठेवले होते. खांबावर सांध्याशेजारी पटाशीने मारलेल्या दोन रेघा, त्यात बसणाऱ्या टेकूवरही तशाच दोन. पुढच्या जोडीला तीन. सगळीकडचे जुने सुतार हेच करत आले. युरोपातले तर रोमन आकडे कोरायचे, कारण सरळ पात्याने सरळ रेघच पटकन मारता येते. आणि चार हा आकडा बऱ्याचदा सरळ चार रेघांनी लिहायचे, म्हणजे लाकूड उलटं धरलं तरी चाराचा (IV) सहा (VI) वाचला जाऊ नये. शंभर-दीडशे वर्षांनी कुणीतरी हे खोलेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. जमिनीवर जुळवलेला सांगाडा उभा करताना गोंधळ नको, एवढंच त्यांना हवं होतं. पण पटाशीची रेघ पावसाने जात नाही.

ती ग्राइंडरने जाते.

“लाकडं काळी पडली होती, म्हणून साफ करून दिली. पैसे नाही घेतले त्याचे.” तारेचा ब्रश लावून घासली! वरचा अख्खा थर काढला. वाकसाने तासल्याच्या खुणा गेल्या, रेघा गेल्या, आणि लाकूड कालच वखारीतून आणल्यासारखं केविलवाणं पिवळं दिसायला लागलं. वर उपकार केल्याचा आव.

ज्यांना वाटतं की टेकू काय, सगळे सारखेच, त्यांच्यासाठी सांगतो. सारखे नसतात. हाताने तासलेलं प्रत्येक लाकूड थोडं वाकडं असतं, आणि जुना सुतार प्रत्येक सांधा त्या त्या जोडीपुरताच बेतायचा. या टेकूचं कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, त्या खांबाच्या खाचेत असं बसतं की मध्ये कागद सरकत नाही. तेच शेजारच्या खांबात घाला, बोटभर फट, नाहीतर शिरतच नाही. आमच्याकडे असे ८ टेकू आहेत. ८ टेकू ८ जागी लावायचे प्रकार किती? ४०,३२०. उलटसुलट न धरता. तीन दिवसांत आम्ही दोन बसवलेत, आणि त्यातला एक मला संशयास्पद वाटतोय.

मेखांचा किस्सा वेगळाच. असल्या सांध्यात खाचेचं भोक आणि कुसवाचं भोक मुद्दाम किंचित चुकवलेलं असतं, म्हणजे लाकडी मेख ठोकली की ती सांधा आवळून घेते. त्यामुळे काढताना मेख बारीक टोकाकडून, थांबून थांबून ठोकायची. नाहीच हलली तर ड्रिलने पोखरून काढायची. इथे जाड टोकावर घण. दोन कुसवं उभी चिरली. मेखा शेकोटीत गेल्या. नव्या करता येतात, मान्य, पण जाडी आणि निमुळतेपणा बघायला चार तरी ठेवायच्या की नाही?

आणि मग हा ढीग. मध्ये पट्ट्या नाहीत, हवा खेळायला जागा नाही, ओल्या जमिनीवर एकावर एक रचून वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळलेलं. उघडलं तेव्हा आत घाम फुटलेला आणि पांढरी बुरशी.

१८४१ साली नॉर्वेतल्या वांगचं लाकडी चर्च सुटं करून जहाजाने बर्लिनला नेलं, तिथून पुढे डोंगरात, आत्ताच्या पोलंडमधल्या कारपाचला, आणि परत उभं केलं. आजही उभं आहे. ना मोबाइल, ना ट्रक. आमची कोठी शेतातून शेतात नेताना हरवली.

काल ढिगाच्या तळाशी तीन लाकडं सापडली. घासायचा कंटाळा आला असणार, तशीच काळी राहिलेली. एकावर अंगठा फिरवला तर धुळीखाली खाच लागली. एक, दोन, तीन, चार, पाच रेघा. माणसाचा हात लागल्यासारखं वाटलं एकदम. आता फक्त पाच रेघांचा खांब हवा. तो अर्थात घासून लख्ख केलेल्यांत आहे.

एवढ्यात ठेकेदाराचा मेसेज. “साहेब, उभी राहिली की दोन फोटो पाठवा. स्टेटसला ठेवायचेत.”