दरबारी लावा, गोळ्या बंद करा?

आमच्या सांगलीच्या फॅमिली ग्रुपवर पंधरा दिवस जुंपलीय. मावसभावाला डिप्रेशन, दोन वर्षं गोळ्या चालू, आणि कुठल्यातरी राग-चिकित्सा शिबिरात त्याला सांगितलं की रोज रात्री दरबारी राग ऐका, गोळ्या हळूहळू सुटतील. त्याने हळूहळू वगैरे भानगड ठेवली नाही, एकदम सोडल्या. तिसऱ्या आठवड्यात झोप गेली, जेवण गेलं, ऑफिस बंद, परत डॉक्टर. आता ग्रुपवर दोन पार्ट्या. एक म्हणते संगीताने बरं होणं वगैरे सगळं थोतांड, दुसरी म्हणते पूर्वजांना सगळं माहीत होतं, यानेच दरबारी चुकीच्या वेळी ऐकला असणार. (हा मुद्दा काकांचा. त्यांना साष्टांग नमस्कार.)

मी लीड्समध्ये बसून हे वाचते आणि मला दोन्हीकडचं पटत नाही.

इकडे ब्रिटनमध्ये म्युझिक थेरपिस्ट ही पाटी कुणीही लावू शकत नाही. एमए लेव्हलचं ट्रेनिंग लागतं, मग एचसीपीसीच्या, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरवर नाव, जिथे फिजिओथेरपिस्टचं असतं तिथेच, आणि रजिस्टरवर नसताना स्वतःला तसं म्हणवलं तर गुन्हा. आणि मुख्य म्हणजे हे लोक गोळ्यांना हात लावत नाहीत. 2017 साली कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, डिप्रेशनवरचे म्युझिक थेरपीचे अभ्यास तपासले, तर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला म्युझिक थेरपी दिल्यावर फायदा दिसला, तोही थोड्या काळापुरताच मोजलेला. हे मी ग्रुपवर टाकलं. काकांनी फक्त 'फायदा' वाचलं, 'जोडीला' कुणी वाचलंच नाही.

पण मला खरं पटलं ते आक्कांमुळे. आक्का म्हणजे नवऱ्याची आत्या, वय 84, डिमेन्शिया. पन्नास वर्षं इथे राहून इंग्रजी पार पुसलं गेलंय, मराठीही तुटक. डे सेंटरमध्ये थेरपिस्ट मुलगी गिटार घेऊन यायची, बाकीचे म्हातारे जुनी इंग्रजी गाणी म्हणायचे, आक्का भिंतीकडे बघत बसायच्या. तिने आम्हाला विचारलं, यांनी लहानपणी काय ऐकलं असेल? राग-बिग काही नाही, एवढंच. मी आईला फोन करून जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या, रेकॉर्ड करून पाठवल्या. दुसरी ओवी सुरू झाली आणि आक्कांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर गोल फिरायला लागला, जात्याचा खुंटा धरल्यासारखा, आणि डावा मधेच पुढे व्हायचा, जात्यात धान्याचा घास टाकायला. तोंडातून शब्द एकच, 'दळ'. ती मुलगी गिटार बाजूला ठेवून दांड्यावर हाताने त्याच लयीत ठेका धरून बसली, वीस मिनिटं. तिला जातं म्हणजे काय हे मी नंतर समजावलं.

आता इथलंही सगळं गोडगोड नाही. सहा सेशन झाली आणि सेंटरचे पैसे संपले, आता वेटिंग लिस्ट. सांगलीत आईचं भजनी मंडळ दर गुरुवारी फुकट भरतं, कुणी फॉर्म भरत नाही. आणि ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी प्वात्वँ या अभ्यासकांनी पुण्यातून गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या चाळल्या तर नवऱ्याला, सासूला जे बोलता यायचं नाही ते बाया जात्याला सांगत होत्या हे दिसतं. पण म्हणून त्याला थेरपी म्हणायचं माझ्या जिवावर येतं, ती बाई पहाटे चारला उठून दळत होती, हौस म्हणून नव्हे.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या भारतातल्या सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. म्हणजे आमचा भाऊ मूठभर नशीबवानांपैकी, लाज सोडून डॉक्टरपर्यंत पोचलेला, आणि त्यालाच आपण प्लेलिस्ट देऊन माघारी आणतो! भजनाला जा, पेटी शिक, दरबारी ऐक नाहीतर भीमपलास ऐक, पण रात्रीची गोळी घेऊन ऐक ना बाबा. आणि रात्रभर हेडफोन लावून तीच रडकी गाणी ऐकून माणूस अजून खोल जाऊ शकतो, हेही थेरपिस्टनेच मला सांगितलं, ते शिबिरात कुणी सांगतं का?

काल मावशीला आक्कांचं सांगितलं. तिने पहिलं काय विचारलं, तर 'कुठला राग लावला होता गं?' मी म्हटलं ओव्या होत्या. तर म्हणते, 'ओवीला कसला आलाय राग, दळताना सासूचा यायचा तेवढाच.'